पांढऱ्याची दोन पातेली

नाताळ अंकाच्या संपादकांनी मला निरोप पाठवला, "तुझ्या कामाबद्दल काहीतरी लिही." मला वाटलं, त्यांना शिकवण्या म्हणायच्या आहेत. संध्याकाळी मी चौथी-पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. भेटल्यावर ते म्हणाले, "ते नाही गं, दुसरं काम." मग पंधरा दिवस मी काहीच लिहिलं नाही. त्या दुसऱ्या कामाबद्दल मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी काय करतेस, असं मैत्रिणींनी विचारलं की मी सांगते, मावशीकडे जाते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

मी रमचं एक पेय करते. पांढरी रम, नारळाचं दूध आणि अननस. लोकांच्या घरी जाऊन करते. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असतो, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाचा जावई आखातातून सुट्टीवर आलेला असतो. मोठ्या हॉटेलांत अशा पेयाला परदेशी नाव आहे, ते मला नीट उच्चारता येत नाही. आमच्या इथल्या गावांत त्याला नुसतं 'पांढरं' म्हणतात. "जेवणाआधी पांढरं आहे ना?" असं पाहुणे विचारतात. बाटल्या घरच्यांच्या, हात आमचे. आमचे म्हणजे फिलूमावशीचे आणि माझे.

फिलूमावशी माझी नात्याने कुणी नाही. ती ख्रिस्ती, आम्ही खाडीकाठचे हिंदू शेतकरी. तिचे मिस्टर जहाजावर स्टुअर्ड होते. कुठल्याशा बेटांवर जहाज लागायचं, तिथे ते हे पेय शिकले आणि सुट्टीवर घरी आले की अंगणात करायचे. ते गेल्यावर मावशीने ते चालू ठेवलं. आधी शेजारी म्हणून, मग ऑर्डर म्हणून. आमच्या बांधावर माड आहेत. अकरावीत असताना मी सायकलवरून तिला नारळ पोचवायचे. एकदा तिचं बोट कापलं होतं, म्हणून मी विळीवर बसून चार नारळ खोवून दिले. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"काळं येऊ देत नाहीस गो तू," ती म्हणाली. "कोणी शिकवलं?"

कुणी शिकवलं नव्हतं. करवंटीजवळचा तपकिरी पापुद्रा खोबऱ्यात आला तर दूध मळकट होतं, हे आमच्या घरी लहान मुलालाही माहीत असतं. त्या एका गोष्टीवर मला काम मिळालं. कॉलेजच्या फीची सोय झाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फी म्हणजे काय असते, हेसुद्धा घरी मलाच समजावून सांगावं लागलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी कृती सांगते. ओलं खोबरं कोमट पाण्यात घालून पहिलं घट्ट दूध काढायचं. दुसरं दूध आमटीला ठेवायचं, पांढऱ्यात घालायचं नाही. अननसाचा रस काढून साखरेबरोबर एक उकळी आणायची आणि तो पूर्ण गार करायचा. कच्चा रस वापरला तर पेय दोन तासांत बिघडतं. मग रस, त्यात रम, सगळ्यात शेवटी नारळाचं दूध, वर किसलेलं जायफळ. रम पांढरीच हवी. काळी घातली तर रंग दुधाच्या चहासारखा होतो आणि माणसं ग्लास हातात घेऊन विचार करत बसतात. बर्फ पातेल्यात घालायचा नाही, ग्लासात घालायचा. एवढंच आहे. अवघड काही नाही, पण घाई केली की फसतं.

फसलेलीही मी बघितली आहेत. विरारला नव्या इमारतीत एका बाईंनी मावशीकडून कृती लिहून घेतली आणि आम्हाला न बोलावता घरी केलं. नारळ खोवायचा कंटाळा, म्हणून त्यांनी पिशवीतलं दूध घातलं आणि अननस कच्चाच. दूध फाटलं, वर कडू झालं. त्यांनी मावशीला फोन केला, "तुमच्या कृतीत चूक आहे." मावशी म्हणाली, "कृतीत नाही मॅडम, गाईत आहे." राजोडीला एका बंगल्यात मुंबईची मुलं सुट्टीला आली होती, त्यांना ग्लासात कागदाची छोटी छत्री हवी होती. मावशीने कुंपणावरची जास्वंद तोडून प्रत्येक ग्लासात खोचली. छत्रीपेक्षा ते त्यांना जास्त आवडलं, त्यांनी फोटोही काढले. एका घरमालकांनी पाचूबंदरहून ओळखीने बर्फाची अख्खी लादी आणली होती. मावशीने वास घेतला आणि म्हणाली, "हा मासळीचा बर्फ. बाटल्या बाहेरून गार करायला ठीक. पोटात घालायचा नाही." घरमालक म्हणाले, "गार तर तोपण करतो ना?" मावशीने पदर खोचला आणि सांगितलं, "मग पांढरं तुम्हीच करा, मी जाते." त्यांनी दुसरा बर्फ आणला.

मावशीचं नाव या असल्या गोष्टींवर उभं होतं. स्वच्छतेवर. तिचं पांढरं डोळे मिटून प्यावं, असं लोक म्हणायचे. भांडी ती कुणाला घासू द्यायची नाही, मलाही नाही.

आता माझी अडचण सांगते. आमच्या घरात दारूला शिवत नाहीत. आईच्या माहेरी शिवत होते, म्हणूनच. मी मावशीकडे काम धरलं तेव्हा आईने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"थेंबभर पन तोंडात घ्यायची नाय."

"नाही घेणार."

"चव बघायला पन नाय."

"नाही."

ते मी पाळलं. मी मापाने आणि वासाने पांढरं करायचे. मावशी चाखायची, मी विचारायचे, "बरोबर?" ती मान हलवायची. प्रत्येक घरी आम्ही दोन पातेली करायचो. एक मोठ्यांचं, रम घातलेलं. दुसरं साधं, मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी. साध्याच्या कडीला लिंबाच्या पानांची डहाळी बांधायची आणि त्याचा डाव वेगळा. खरं तर साध्याची चव मला घेता आली असती. पण चुकून डावाची अदलाबदल झाली असेल तर, अशी भीती वाटायची, म्हणून मी तेही चाखत नसे. मला ते फार प्रामाणिकपणाचं वाटायचं. आज वाटतं की कामाच्या दृष्टीने ती उणीव होती. चव न घेता वाढणारी बाई म्हणजे न वाचता सही करणारा माणूस.

यापुढचं लिहिण्याआधी मी ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना विचारून आले. ते म्हणाले, "लिही. माझं नाव बदल. माशी बदलू नको." म्हणून त्यांना इथे विल्यम अंकल म्हणते. बाकीची नावंही बदलली आहेत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबर महिना होता. विल्यम अंकलच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. सकाळी चर्चमध्ये मिस्सा आणि दुपारी घराच्या अंगणात मांडवात जेवण. मांडवात आधी टोस्ट, म्हणजे थोरल्या मुलाने उभं राहून आईवडिलांबद्दल चार शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी ग्लास उंचावायचे आणि बोलणाऱ्याने आपला ग्लास सगळ्यांसमोर रिकामा करायचा. ग्लास अर्धा ठेवला तर शुभेच्छा अर्धी राहिली, असं म्हातारी माणसं मानतात. टोस्टला एरवी वाइन असते. पण आजोबांनी हट्ट धरला होता की वाइन नको, फिलूचं पांढरंच हवं.

थोरला मुलगा म्हणजे विल्यम अंकल. वालीवला एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर काम करायचे. आदल्या दिवशी मी अननस आणि नारळ ठेवायला त्यांच्या घरी गेले होते. ते मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याशी अगदी हळू आवाजात बोलले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण परवानगी मागितल्यासारखा बोलत होता.

"तू ती कॉलेजात जाणारी ना?"

"हो अंकल."

"उद्या माझा ग्लास तू भर. साध्यातला. पण दिसायला सगळ्यांसारखा पाहिजे. जायफळ वगैरे सगळं."

मी हो म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं. चौदा महिने त्यांनी घेतली नव्हती. त्याआधी एकदा नऊ महिने सोडली होती आणि एका लग्नात, आग्रहाखातर, एक घोट घेतला होता. "एकच," ते म्हणाले, "तो घोट पुढे सहा महिने चालला." नोकरी गेली होती, ती मिनतवारीने परत मिळाली होती. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, ती नुकतीच परत आली होती. "मला स्वतःची खात्री नाही बाळा. कुणाला नसते. म्हणून म्हणतो, घोटसुद्धा नको. आणि कुणाला सांगू नकोस. फिलूलाही नको. माझ्याकडे सगळे ग्लासावरून बघायला लागतात, ते मला नको आहे."

मी शब्द दिला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कुणीतरी मला विश्वासाने काही सांगितलं, याचंच मला अप्रूप वाटलं. मावशीला सांगायला हवं होतं, हे तेव्हा मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं वेळेवर झालं. दोन पातेली तयार झाली. साध्याला मी डहाळी बांधली. मावशी मांडवात ग्लास मांडून घ्यायला गेली. बर्फाची रिक्षा फाटकाशी आली, म्हणून मी तिकडे गेले. स्वयंपाकघरात अंकलच्या आत्या होत्या, मारी आत्या. त्या घराचं स्वयंपाकघर त्यांचंच. बर्फ उतरवून मी परत आले तेव्हा त्या हात पुसत बाहेर निघाल्या होत्या.

"पोरांचं एकदम फिकं केलंस गो," जाता जाता त्या म्हणाल्या.

मी हसले. मोठी माणसं असं म्हणतातच. मोठ्यांच्या पातेल्यातून मी ट्रे भरभरून दिले, वाढणारी मुलं ते घेऊन गेली. मग एक ग्लास साध्यातला भरला, बर्फ घातला, जायफळ किसलं आणि स्वतः नेऊन अंकलच्या हातात दिला. त्यांनी भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. ती मान मी कशाच्या जोरावर हलवली, हे मी नंतर खूप वेळा स्वतःला विचारलं आहे.

परत येऊन मी मुलांचे ग्लास भरायला घेतले. टोस्ट झाल्यावर ते द्यायचे होते. डाव खालपर्यंत गेला आणि वर आला तेव्हा त्यात एक बेदाणा होता. मोठा, टच्च फुगलेला. मी बेदाणे घातले नव्हते. पुन्हा डाव घातला. दोन बेदाणे, संत्र्याच्या सालीचा तुकडा आणि अर्धी चेरी.

मी वर फळीकडे बघितलं. केकच्या फळांची चिनी मातीची बरणी तिथे होती. तिचं फडकं सुटलेलं होतं. आमच्या इथल्या ख्रिस्ती घरांत ऑक्टोबरपासून अशी बरणी असते. बेदाणे, साली, चेरी, सगळं काळ्या रममध्ये बुडवून ठेवतात, नाताळच्या केकसाठी. आत्यांनी पोरांचं फिकं पातेलं गोड केलं होतं, प्रेमाने. त्या बरणीतल्या रमला त्या घरात कुणी दारू समजत नाही. ती केकची असते. केक तर बाळंतिणीपासून फादरपर्यंत सगळे खातात.

पण हे मी आत्ता सांगते आहे. त्या वेळी मला खात्री नव्हती. फळं धुऊन घातली असतील का? नुसते कोरडे बेदाणे डब्यातून घेतले असतील का? पातेल्याचा वास घेतला. सकाळपासून मी बाटल्या ओतत होते, मला सगळ्यालाच रमचा वास येत होता, स्वतःच्या हातांनासुद्धा. विचारायला आत्या नव्हत्या, त्या मांडवात पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर माइकवर अंकलचा आवाज सुरू झाला. "माझे बाबा, माझी आई..."

मी बेदाणा उचलला आणि दाताखाली धरला.

तो फुटला. आधी गोड लागला आणि मग जीभ, घसा, कान, सगळं एकदम तापलं. माझ्या आयुष्यातली पहिली दारू मी अशी चावून खाल्ली. आईचा चेहरा वगैरे काही आठवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. एवढंच कळलं की अंकलच्या हातात जो ग्लास आहे त्यात हे आहे, आणि तो मी दिला आहे.

दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवलेलं नारळाचं दूध आणि थोडा रस होता. ते ग्लासात ओतलं, बर्फ घातला, जायफळ विसरले. आणि धावले नाही, भरभर चालत गेले. धावले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं. चाललेलीही बघितलीच, कारण अंकल मांडवाच्या मधोमध उभे होते आणि सगळे उभे राहिले होते. ते म्हणत होते, "पन्नास वर्षं आई-बाबांनी आम्हाला सांभाळलं, मलाही सांभाळलं, सगळ्यात जास्त मला..." त्यांनी ग्लास वर उचलला. सगळ्यांचे ग्लास वर गेले.

मी त्यांच्या कोपराला हात लावला. एका क्षणात काय बोलायचं? खरं बोलले असते तर चौदा महिने ज्या गोष्टीवर त्यांनी पांघरूण घातलं होतं ती माइकवरून सगळ्या गावाला ऐकू गेली असती. मी म्हणाले, "अंकल, त्यात माशी पडलीय."

माइक चालू होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "फिलूच्या पांढऱ्यात माशी?" आणि सगळा मांडव हसला. फादर म्हणाले, "माशीलाही आमंत्रण होतं वाटतं." आणखी हशा. अंकल हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या ग्लासाकडे बघितलं, आणि तो मला देऊन दुसरा घेतला. पुन्हा वर उचलला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत रिकामा केला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

मी ग्लास घेऊन वळले तेव्हा फिलूमावशी मांडवाच्या खांबाशी उभी होती. लोक आपापले ग्लास उजेडात धरून आत बघत होते. हसत होते, पण बघत होते.

साधं पातेलं मी मागच्या केळींच्या बुंध्यात ओतून टाकलं. मुलांना गुलाबाचं सरबत दिलं, त्यांनी कुरकुर केली. मावशीने विचारलं, "पातेलं का ओतलंस?" मी ट्रे उचलून मांडवात गेले. शब्द दिला होता. तिने भांडी घासली, टेम्पोत चढवली आणि स्टँडवर मला उतरवताना म्हणाली, "पुढच्या रविवारचं मी बघते." म्हणजे येऊ नको.

आई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आईला सांगू नको, असं अंकल म्हणाले नव्हते, आणि आई कुणाला सांगणारी नाही. तिने जुडी बांधून पूर्ण केली.

"थुकलीस का गिळलास?"

"गिळला."

"मंग त्यानं? प्याला तो?"

"नाही. बदलला मी."

माझा हात तिच्या डोक्यावर होता तो दिवस तिलाही आठवला असेल. मग म्हणाली, "बस. सुतळी धर." आणि मी जुड्या बांधायला बसले. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. मला वाटतं, तिने मला माफ केलं असं नाही. तिने ते माझ्यावर सोपवलं.

तो हंगाम मी घरी होते. गावात 'फिलूची माशी' ही म्हण झाली. दुकानात सोडा उघडतानाही कुणी म्हणायचं, "बघ रे, फिलूची माशी नाही ना?" मावशीच्या दोन ठरलेल्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, असं कानावर आलं. वीस वर्षं तिने मासळीचा बर्फ परत पाठवला होता, आणि मी एका वाक्यात ते सगळं घालवलं होतं. तिला जाऊन सांगावं असं रोज वाटायचं. तिच्या गल्लीपर्यंत सायकल नेऊन परत आणलीय मी.

ईस्टर झाल्यावर एका सकाळी ती स्वतःच आमच्या ओट्यावर येऊन बसली. आमच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. आईने पाणी दिलं. मावशी पाणी प्याली आणि तिने मला विचारलं, "माशी होती?"

मी चटई पुढे सरकवली.

"मला माशी नाही दिसली," ती म्हणाली. "कोंबड्या दिसल्या. केळीखाली बेदाणे टिपत होत्या. त्याच दिवशी. मारीची बरणी पण बघितली मी. आणि विल्यमला मी शाळेत जाताना पाहिलाय, त्याचं मला काय माहीत नाही?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत, मावशी?"

"गावाला काय सांगू? माशी नव्हती, रम होती? मग पुढचा प्रश्न कोणाच्या ग्लासात." तिने भांडं खाली ठेवलं. "माशीचा राग नाही मला. मला आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी त्या पातेल्याचं तोंड बांधलं असतं. त्याचा ग्लास घरून भरून आणला असता. तू एकटीने सांभाळायला गेलीस. एकटीने सांभाळायचं काम नाही हे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. विल्यम अंकलना दिलेला शब्द मी पाळला, याचा मला अभिमान होता. पण ज्या बाईला पातेल्यांची राखण माझ्यापेक्षा चांगली कळत होती तिच्यापासूनच मी ते लपवलं. विश्वास राखणं आणि तोंड बंद ठेवणं, दोन्ही एकच आहे असं मला तेव्हा वाटायचं.

मावशी उठताना म्हणाली, "विल्यमच्या पोरीचं चर्चमध्ये पहिलं कम्युनियन आहे. पांढरं सांगितलंय. सगळं साधं, एकच पातेलं. म्हणाला, ती माशी काढणारी मुलगी पाहिजे." मग आईकडे वळून म्हणाली, "पाठवाल ना?"

आई म्हणाली, "साधं असलं तरी चाखून दे म्हनावं."

मे महिन्यातली दुपार होती. तोच मांडव, तेच अंगण. या वेळी माणसं कमी होती. पांढऱ्या झग्यातली मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. पातेल्याचं तोंड मी फडक्याने बांधून ठेवलं होतं आणि मारी आत्या दुरून म्हणाल्या, "बांधलंस काय गो, चोर आहे का मी?" सगळे हसले, त्याही हसल्या. कुणीतरी माशीबद्दल ओरडलं. मावशीने डाव दाखवून त्याला गप्प केलं.

विल्यम अंकल टोस्टसाठी उठले. ग्लास हातात घेतला आणि बोलण्याआधी पातेल्याकडे, माझ्याकडे बघितलं. मी फडकं सोडलं, चमचाभर पांढरं घेतलं आणि सगळ्यांदेखत चाखलं. नारळ, अननस, जायफळ. बाकी काही नाही. चार वर्षं मी जे करत होते ते कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी मान हलवली. मग त्यांनी ग्लास वर उचलला.